हात आवरा, पाव फुलेल!

माझ्या सासूबाईंचे वय आता ८१. माहेर सांगली जिल्ह्यातले, सासरही तिकडचेच. ऐन तारुण्यात एकत्र कुटुंबात रोज तीस-चाळीस भाकऱ्या थापल्या. पुढे आम्ही नोकरीच्या निमित्ताने इंदूरला आलो, त्याही आल्या. पण कणकेची परात त्यांनी कधी माझ्या हाती दिली नाही. "तुझी कणीक दगडासारखी होते," हे एकच वाक्य आणि विषय संपला!

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, "आजी, सांधे झिजलेत. कणीक मळणं, कपडे पिळणं आता बंद." आम्ही दुसऱ्याच दिवशी पोळ्यांना बाई लावली. वाटले, चला, आईंना आराम मिळेल. पण झाले भलतेच. आईंचे जेवण हळूहळू निम्म्यावर आले. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. विचारले की म्हणायच्या, "अगं, काम नाही तर भूक कुठली?" वजन घटू लागले. तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कशात तरी गुंतवा."

गुंतवायचे कशात? वाती वळायला अंगठा लागतो, भाजी चिरायला अंगठा लागतो. अशातच माझी धाकटी बहीण सुटीवर आली. ती काही वर्षे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नोकरीला होती. तिथल्या घरमालकीणबाईंनी तिला गव्हाचा एक पाव शिकवला होता. तिने परात मागितली, ताक मागितले आणि म्हणाली, "ताई, या पावाला यीस्ट नाही, फुगवत ठेवणं नाही आणि मुख्य म्हणजे हा मळायचाच नसतो."

कोपऱ्यात बसलेल्या आईंनी मान वर केली. "मळायचा नाही? मग त्याला पाव कसा म्हणायचा?"

तासाभरात टेबलावर तपकिरी, भेगाळलेला, खरपूस वासाचा पाव आला. आईंनी लोणी लावून एक काप खाल्ला, काही बोलल्या नाहीत. बहीण परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तो ताकातला पाव मी करते. तू फक्त भट्टी पेटव."

हा पाव आला कुठून?

सोडा ब्रेड ही आयर्लंडच्या घराघरांतली रोजची भाकरीच म्हणा ना! खायचा सोडा तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचला. १८३६ सालच्या लंडनच्या एका शेतकी मासिकात अशा पावाची कृती छापलेली आहे आणि ती आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या वृत्तपत्रातून घेतलेली होती. तिथल्या थंड, दमट हवेत पिकणारा गहू मऊ. त्यात ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन कमी. यीस्टने फुगणाऱ्या उंच पावाला असा गहू फारसा चालत नाही, पण सोड्याच्या पावाला तो अगदी योग्य. घरोघरी गाई, घरचे लोणी आणि लोणी काढल्यावर उरणारे आंबट ताक. ताक हाताशी होतेच. सोडा आला आणि पाव झाला.

बहुतेक घरांत भट्टी नव्हती. चुलीवर तीन पायांचे, झाकणाचे जाड लोखंडी भांडे टांगत. त्यात पाव ठेवून झाकणावरही पेटलेले निखारे ठेवत. जळण म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेली पीटची माती. हे ऐकल्यावर आई चटकन म्हणाल्या, "म्हणजे आपलं धोंडसच की! कोकणातल्या माझ्या मावससासूबाई असंच वर-खाली निखारे ठेवून काकडीचं धोंडस करायच्या." त्या क्षणापासून हा पाव त्यांना परका राहिला नाही.

साहित्य

जाडसर दळलेली कणीक (लाडवासाठी दळून आणतो तशी) २५० ग्रॅम, रोजची पोळ्यांची कणीक १०० ग्रॅम, खायचा सोडा पाऊण चहाचा चमचा (सपाट), मीठ अर्धा चमचा, घट्टसर आंबट ताक सव्वा ते दीड कप (३०० ते ३५० मिलिलिटर). आवडत असल्यास दोन मोठे चमचे जवस किंवा तीळ आणि चमचाभर गूळ.

कृती

आधी ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवा. तो तापेपर्यंत ताक पिठात घालायचे नाही, हे लक्षात ठेवा. थाळीला तेलाचा हात लावून वर थोडी कणीक भुरभुरा.

सोडा आणि मीठ रोजच्या कणकेत मिसळून चाळणीने दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली, तर पावात पिवळा कडू ठिपका येतो. मग जाडसर कणीक आणि जवस मिसळा. मध्ये खळगा करून त्यात सव्वा कप ताक एकदम ओता. लाकडी डावाने कडेने गोल फिरवत पीठ एकत्र करा. कोरडे वाटले तर उरलेले ताक चमच्याचमच्याने घाला. पीठ थालीपिठाच्या पिठाहून थोडे सैल, हाताला चिकटणारे हवे. पिठाचा कोरडा भाग दिसेनासा झाला की थांबा.

हातावर थोडी कणीक घेऊन गोळा थाळीत ठेवा आणि वरून हलकेच थोपटून दोन इंच उंच, सहा इंच रुंद असा आकार द्या. सुरी कणकेत बुडवून वर अधिकचे चिन्ह असावे तसा खोल छेद द्या. आयर्लंडमध्ये जुनी माणसे म्हणत, यातून पऱ्या निघून जातात! खरे कारण असे की, जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचते आणि पाव आपला वेडावाकडा न फाटता त्या छेदावर उमलतो.

४० ते ४५ मिनिटे भाजा. बाहेर काढून उलटा करा आणि बुडावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर पाव झाला, बद्द आवाज आला तर आणखी पाच-सात मिनिटे ठेवा. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून जाळीवर ठेवा. त्यामुळे कवच मऊ राहते. निदान तासभर सुरी लावू नका. गरम कापला तर आतून चिकट लागतो.

ओव्हन नसेल तर?

तर आयर्लंडच्या आजीबाईंसारखे करा. जुने, जाड बुडाचे मोठे पातेले घ्या. तळाशी जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरा, वर कड्याचे स्टँड ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग पावाची थाळी आत ठेवून मंद आचेवर ५० ते ६० मिनिटे भाजा. वरची बाजू पांढुरकी राहते, म्हणून शेवटची दहा मिनिटे पाव उलटा करा. कुकर असा कोरडा तापवून खराब करू नका, जुने पातेलेच बरे.

याहून सोपा प्रकार उत्तर आयर्लंडमधला. तिथे हेच पीठ अर्धा-पाऊण इंच जाड थापून चार तुकडे करतात आणि थेट तव्यावर भाजतात. जाड तवा, मंद आच, एकेका बाजूला आठ-दहा मिनिटे. न्याहारीला गरमागरम फारच छान लागतो. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र पाव खरपूस होत नाही, त्याला कन्व्हेक्शनची सोय हवी.

आईंचे तीन पाव

आता कबूल करते, ही कृती लिहिताना मला "असे करा, तसे करू नका" एवढ्या ठामपणे सांगता येते, याचे श्रेय आईंच्या पहिल्या तीन पावांना आहे. तिन्ही बिघडले.

पहिला पाव झाला दगड. कारण सोपे होते. ताक ओतले आणि साठ वर्षांची सवय हातात उतरली. मी फोनवर बोलत होते, तेवढ्यात आईंनी दुखऱ्या अंगठ्यांनी गोळा चांगला मळून, तेलाचा हात लावून गुळगुळीत केला. पाव बाहेर आला तो चेंडूसारखा. नातू म्हणाला, "आजी, याने क्रिकेट खेळू का?" आई त्या दिवशी जेवल्याच नाहीत. अंगठे सुजले ते वेगळेच.

मळण्याने पिठातले ग्लूटेनचे धागे जुळतात, ताणले जातात, त्यांचे जाळे तयार होते. पोळीला ते हवेच. नाहीतर ती लाटताना फाटेल. यीस्टच्या पावालाही हवे. यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडते आणि तो धरून ठेवायला मजबूत जाळे लागते. पण सोड्याचा वायू थोडाच वेळ टिकतो. त्याला ते घट्ट जाळे उचलवत नाही. पीठ सैल, विस्कळीत असले तरच तो त्याला वर उचलू शकतो. शिवाय आपला गहू आयर्लंडच्या गव्हाइतका मऊ नसतो, त्यामुळे आपल्याकडे तर हात अधिकच आवरायला हवा. जाडसर दळण घ्यायचे तेही याचसाठी. त्यातला कोंडा चिवटपणाला आडवा येतो.

दुसरा पाव फुगला, पण रंग पिवळट आणि चव साबणासारखी. थंडीचे दिवस होते, दही नीट आंबटच झाले नव्हते. सोडा हा क्षार आहे. ताकातले लॅक्टिक आम्ल भेटले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तोच पावाला फुलवतो. आम्ल कमी पडले तर उरलेल्या सोड्याचे भट्टीच्या उष्णतेने धुण्याच्या सोड्यासारखे क्षारात रूपांतर होते आणि त्याचीच ती चव. म्हणून ताक चाखून बघा. गोडसर वाटले तर त्यात चमचाभर लिंबाचा रस पिळा. पाव फुगावा म्हणून सोडा वाढवायचा मोह तर मुळीच नको!

तिसऱ्या पावाच्या वेळी हातही आवरला होता, ताकही आंबट होते. पण गोळा थाळीत ठेवला आणि दारात दूधवाला आला. त्याचा महिन्याचा हिशेब, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी, असा अर्धा तास गेला. पाव बसका झाला. ताक पिठात पडले त्या क्षणापासून वायू सुटू लागतो. कुणासाठी थांबत नाही. ताक ओतल्यापासून पाव भट्टीत जाईपर्यंत पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. दूधवाला थांबेल, सोडा थांबणार नाही.

तिसरा पाव बिघडल्यावर वाटले, आता आई सोडून देतील. पण त्यांनी मला जवळ बसवले आणि विचारले, "या पिठाला चिवटपणा नकोच ना? मग खपली घालून बघूया का? खपलीच्या पोळीला तसा ताण नसतोच."

मी थक्कच झाले. सांगली-कोल्हापूरकडे खपली गहू खिरीसाठी घरोघरी असतो. त्याचे ग्लूटेन खरोखरच नेहमीच्या गव्हापेक्षा कमकुवत असते. पुस्तक न वाचता, फक्त हाताच्या आठवणीवर त्यांनी ते ओळखले होते. गावाहून खपलीचे पीठ मागवले. शंभर ग्रॅम रोजच्या कणकेच्या जागी तेवढीच खपली घातली, ताक थोडे कमी लागले. ताक ओतल्यावर आईंनी डाव सात-आठ वेळा फिरवला आणि दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिल्या. "नाहीतर ते पुन्हा मळायला धावतील," म्हणाल्या. चौथा पाव फुलला.

काही महत्त्वाच्या सूचना

दुकानात सोडा या नावाने बऱ्याच वस्तू मिळतात. खायचा सोडाच घ्या. धुण्याचा सोडा किंवा पापडखार चालणार नाही. फ्रूट सॉल्टमध्ये स्वतःचे आम्ल असते, तेही नको. घरातला सोडा जुना असेल तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर चांगला, नाहीतर नवा आणा. विकतचे मसाला ताक वापरू नका.

घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील, तर हे जरूर वाचा. खायच्या सोड्याच्या वजनात सुमारे २७ टक्के सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाच्या आहारात दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम असावे. वर दिलेल्या पावाचे दहा काप केले, तर सोडा आणि मीठ मिळून प्रत्येक कापात सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जाते. आमच्या यांनाही रक्तदाब आहे. त्यामुळे मी मीठ अर्धा चमच्याऐवजी पाव चमचा घालते आणि त्यांच्या वाट्याला एकच काप. वरून पापड-लोणचे नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, पाव अख्ख्या गव्हाचा असला तरी तो गहूच आहे. कोंड्यामुळे चोथा मिळतो, पोट साफ राहायला मदत होते. पण पोळीचा हिशेब ठेवता तसाच कापांचाही ठेवावा. ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे, त्यांना हा पाव, खपलीचासुद्धा, चालणार नाही.

हा पाव दोन दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर कोरडा शेकून घ्या. उन्हाळ्यात बुरशी लवकर येते, म्हणून काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे काढा. लोण्याबरोबर तर छान लागतोच, पण आमच्याकडे जवसाची चटणी, पिठले, टोमॅटोचे सार यांच्याबरोबरही खातात. मुलांना डब्यात काकडी-पनीर घालून द्या.

आणि भूक?

आईंचे अंगठे अजून दुखतात. पावाने काही सांधे बरे होत नाहीत. रात्री शेक द्यावाच लागतो, डॉक्टरांनी दिलेला अंगठ्याचा पट्टाही लावावा लागतो. पोळ्यांची बाईही येतेच. पण गुरुवार आणि रविवार हे दोन दिवस ओट्याचा ताबा आईंकडे असतो. पीठ मी चाळून देते, थाळी नातू भट्टीत ठेवतो. ताक ओतणे, डाव फिरवणे आणि कुठे थांबायचे ते ठरवणे हे काम त्यांचे. शेजारच्या तीन घरांत आता त्यांनीच शिकवलेला पाव होतो. शिकवताना त्या पहिले वाक्य सांगतात, "मळलास तर बघ!"

गेल्या रविवारी मी त्यांना नेहमीप्रमाणे एक काप आणि वाटीभर सार वाढले. त्यांनी सार संपवले, ताटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "अगं, अजून एक काप दे. आणि लोणी जरा जास्त लाव."

वाचकहो, तुमच्याही घरात असे एखादे थकलेले, पण रिकामे बसायला तयार नसलेले हात असतील. येत्या रविवारी त्यांच्या हाती लाकडी डाव देऊन बघा. पहिला पाव बिघडला तर नाराज होऊ नका, आमचे तर तीन बिघडले. तुमचा कितवा जमला, ते पत्राने जरूर कळवा.